नावं ठेवण्याचं कृपादान

४ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

सप्रेम सलाम. नवे पाळकसाहेब येऊन दोन महिने झाले. चर्चची सर्कस करायला त्यांना तेवढा वेळ पुरला.

गेल्या रविवारी त्यांनी उपदेश दिला की मंडळी म्हणजे एक शरीर आणि आपण सगळे त्याचे अवयव. देवाने प्रत्येकाला काही ना काही कृपादान दिलेलं आहे, ते घरात पुरून ठेवू नका, मंडळीच्या सेवेला आणा. उपदेश वाईट नव्हता. बोलताना ते डोळे मिटून घेतात, त्यामुळे समोर कोण पेंगतंय ते त्यांना दिसत नाही. देवाने त्यांनाही काहीतरी दिलंच म्हणायचं.

मग पत्रकं वाटली. वर मोठ्या टाइपात काय छापलेलं, सांगू? 'आपली कृपया दाने ओळखा!' माझी हयात छापखान्यात दुसऱ्यांची प्रुफं तपासण्यात गेली, हे अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे. पण छापायच्या आधी मला दाखवायची बुद्धी एकालाही झाली नाही. माझ्या शेजारच्या म्हातारीने विचारलं, "दाणे कसले, गव्हाचे का?" मी म्हटलं, "हो, निवडून घेऊन या."

आता अवयव कोण कोण, ते ऐक. शिवणकाकू दारात उभी राहून स्वागत करणार. ती तुला "बरं आहे ना?" विचारते आणि तू तोंड उघडेपर्यंत उत्तरही स्वतःच देऊन टाकते. तिच्या शिलाई मशीनला निदान दोरा तरी संपतो. दूधगाडीवाला शास्त्रवाचन करणार. त्याची गाडी 'प'वर अडते. ओळीत पुढे 'परमेश्वर' येतोय असं दिसलं की सगळी मंडळी श्वास रोखते, जणू चढावर मागून ढकलतेय.

आणि आपल्या मावशीने गायकवृंदात नाव दिलं! तिला सांगितलं, "मावशे, तुझा आवाज म्हणजे तेल न घातलेली बिजागरी." तर म्हणते, "देवाला बिजागरीही ऐकू येते." आई गेल्यावर तिने आपल्याला वाढवलं म्हणून गप्प बसलो. नाहीतर मी काही गप्प बसणारा नव्हे.

शेवटचा नग एक तरुण आहे. कुठून आला कुणाला माहीत नाही. खांदे बैलासारखे, गळ्यात गिटार. म्हणतो, आजाऱ्यांवर हात ठेवून बरं करण्याचं दान आपल्याला आहे. पाळकसाहेबांनी डोळे मिटून तेही लिहून घेतलं.

माझं विचारशील तर मी ऑर्गन वाजवतोच आहे. त्याला पत्रक लागत नाही.

तुझा दादा


११ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र वॉर्डात मोठ्याने वाचता आलं नाही. माझ्याकडे पोटाच्या ऑपरेशनचे पेशंट आहेत, हसून टाके तुटले तर डॉक्टर मला धरतील.

पण एक सांगते, रागावू नकोस. रागावलास तरी हरकत नाही, मी लांब आहे. सगळ्यांची दानं तू मोजलीस. तुझं कोणतं? ऑर्गन म्हणू नकोस. ऑर्गनवर बसलं की माणसाला सगळ्या मंडळीकडे पाठ करून बसता येतं, म्हणून तुला तो आवडतो. बाबांचं वर उचललेलं नाक आपल्या दोघांच्याही वाट्याला आलं. फरक एवढाच की मी ते घेऊन रविवारी ड्युटीवर जाते आणि तू देवाच्या घरात जातोस.

मावशी गाते तर गाऊ दे. तू तिच्याकडे रोज जातोस ना? सकाळ-संध्याकाळची तिची इंजेक्शनं नीट चालली आहेत का? इन्शुलिन थंड जागी ठेवायला सांग. नाहीतर तू जिन्यावरूनच टोमणा मारून परत फिरत असशील.

तुझी धाकटी


२२ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

मी ऑर्गन सोडला. स्वतःहून सोडला, हे आधीच सांगतो, कारण तिकडे कोण काय लिहील याचा नेम नाही.

पाळकसाहेब म्हणाले, तरुणांना ताल हवा, महिनाभर गिटारवर गाणी घेऊन पाहू. मी म्हटलं, महिनाभर कशाला, कायमचंच घ्या, आणि झाकणाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. ते "अहो, तसं नाही" म्हणत राहिले. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आता मागच्या बाकावर बसतो. तिथून सगळं छान दिसतं.

परवा साक्षीची उपासना होती. गिटारवाला मधासारख्या आवाजात गातो, ओळ एकच, ती वीस वेळा. पहिल्या वेळेला ऐकू येते, पाचव्या वेळेला पाठ होते, विसाव्या वेळेला माणूस कशावरही विश्वास ठेवायला तयार होतो, फक्त गाणं थांबावं म्हणून. मग लोक पुढे येऊन साक्ष देऊ लागले. एकाची पाठ बरी, एकीचं डोकं बरं. आपली मावशीही उठली. म्हणाली, माझी साखर गेली. सिरिंजचा डबा पिशवीतून काढून वेदीपाशी ठेवला. टाळ्याच टाळ्या. गिटारवाला म्हणाला, "विश्वास ठेवा आणि मागे वळून पाहू नका." मी मागच्या बाकावर एकटाच हसलो. मोठ्याने हसलो बहुतेक, कारण मावशीने वळून पाहिलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. शेवटच्या गाण्याला त्याची तार तुटली आणि त्याला सूरच सापडेना. ऑर्गन कोपऱ्यात झाकलेला. सगळ्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून बाहेर पाहत बसलो. उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर हाका म्हणावं.

मावशी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. मीही गेलो नाही. तिच्या जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत.

तुझा दादा


२७ सप्टेंबर
तार

मावशीची इंजेक्शनं बंद झाली का बघ. तहान उलटी धाप श्वासाला फळासारखा वास असल्यास तडक इस्पितळ. तू बोलू नकोस. कुणालाही ने. धाकटी.


३ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

मावशी जिवंत आहे. हे पहिल्यांदा लिहितो, मग बाकीचं.

तार दुपारी छापखान्यात आली. हातातलं प्रूफ तसंच टाकून मी निघालो. मावशीचं दार आतून बंद. आतून गिटारवाल्याचा प्रार्थनेचा आवाज येत होता, गाण्याचा नव्हे. मी दार ठोकलं.

"मावशे, मी आहे. दार उघड."

आतून तिचा आवाज आला, चिंधी फाटावी तसा. "त्याला आत घेऊ नका. तो हसायला आलाय."

मी काय केलं असेल? जे आयुष्यभर केलं तेच. दाराबाहेरून त्या पोराची खरडपट्टी काढली. भोंदू म्हटलं, गारुडी म्हटलं. म्हटलं, एवढा हातगुण आहे तर नाकावरचा जाड चष्मा कशाला लावतोस, आधी स्वतःचे डोळे बरे कर. शेजारपाजारची दारं उघडली, सगळे ऐकू लागले. मावशीचं दार मात्र उघडलं नाही. कडी आणखी आत सरकल्याचा आवाज आला.

तेव्हा तुझ्या तारेतलं वाक्य आठवलं. तू बोलू नकोस.

खाली रस्त्यावर शिवणकाकूचं दुकान. मला तिच्या दारात जावं लागलं, धाकटे. ती कुणाच्यातरी झग्याला बाही लावत होती. मी म्हटलं, "मावशी मरतेय, आणि माझ्यासाठी दार उघडत नाही." तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. तेवढ्या पाहण्यात तिने जन्माचे टोमणे परत केले. मग मशीनवरची सुई तशीच ठेवून उठली.

तिने दाराशी जाऊन काय केलं माहीत आहे? गप्पा मारल्या. इंजेक्शनचं नाव नाही, इस्पितळाचं नाव नाही. तुझ्या निळ्या झग्याची कड उसवली आहे, रविवारी गायकवृंदात तोच घालणार ना, माप घेऊ दे, पाणी प्यालीस का, किती प्यालीस, अगं एवढं कसं, उलटी झाली का, कुणी पुसली, त्या पोराने? बरा आहे की मग पोरगा. बोलत राहिली, बोलत राहिली. उत्तरंही बरीचशी स्वतःच देत होती. आणि कडी निघाली.

आतली खोली सांगण्यासारखी नव्हती. मावशी पलंगावर, धावून आल्यासारखी धापा टाकत. मी वाकलो तर श्वासाला तोच वास, तू लिहिला होतास तो, कुजायला आलेल्या फळाचा. पोरगा कोपऱ्यात गुडघ्यांवर. मला वाटलं होतं, छाती फुगवून उभा असेल. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाला, "मी त्यांना इंजेक्शन बंद करा असं सांगितलं नव्हतं. त्यांनीच केलं. मी रोज सांगतोय डॉक्टरकडे चला, तर म्हणतात, तुझाच विश्वास कमी पडतोय का? मला काय बोलावं कळेना." आणि रडू लागला. एवढा दांडगा माणूस.

माझ्या तोंडात शब्द तयार होते, चांगले धार लावलेले. बोललो नाही. वेळ नव्हता म्हणून, सुधारलो म्हणून नव्हे.

शिवणकाकूने दूधगाडीवाल्याला निरोप धाडला होता. त्याने भरलेले कॅन रस्त्यावर उतरवून गाडी दाराशी लावली. पण मावशीला खाली आणायचं कसं? जिना अरुंद, मधे वळण, खुर्ची वळेना. माझे हात प्रुफं धरणारे, दूधगाडीवाल्याची कंबर गेलेली. तो पोरगा डोळे पुसून पुढे आला आणि मावशीला पाळण्यातलं मूल उचलावं तसं उचललं. तिचं डोकं भिंतीला लागू नये म्हणून स्वतःची कोपरं सोलून घेत उतरला. बरं करण्याचं दान त्या हातांना असेल-नसेल, उचलण्याचं आहे.

पाळकसाहेब इस्पितळाच्या फाटकातच भेटले. शिवणकाकूने त्यांनाही निरोप धाडला होता. त्यांनी डॉक्टरांना आधीच खाटेपाशी आणून उभं केलं होतं. प्रथमच मी त्यांचे डोळे उघडे पाहिले.

दोन दिवस तिला शुद्ध नव्हती. डाव्या पायाला एक जखम होती, तिने कुणाला दाखवलीच नव्हती. त्या पायाची दोन बोटं काढावी लागली. आता डोळे उघडते, पाणी मागते. मी दिसलो की भिंतीकडे तोंड करते.

डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर काही खरं नव्हतं. तुझी तार वेळेवर आली. मी वेळेवर गेलो, हेही तू मान्य करशील.

दादा


९ ऑक्टोबर

दादा,

नाही, मान्य करत नाही.

तू गेलास म्हणून मावशी वाचली नाही. तू दारातून बाजूला झालास म्हणून वाचली.

बावीस तारखेचं तुझं पत्र मी ड्युटीवरून येऊन वाचलं. चार पानं. तीन पानं गिटार, तार, सूर आणि तुझं नाक. सिरिंजचा डबा वेदीवर ठेवला, ही बातमी तू दीड ओळीत लिहिलीस, ती विनोद म्हणून. आणि लगेच खाली, 'खरी गंमत पुढेच आहे.' छपाईतल्या एका खिळ्याची, एका अक्षराची चूक शोधायला डोळे फोडतोस, आणि साखरेच्या आजारी बाईने सुया टाकून दिल्या ही चूक तुला चूक वाटली नाही? तुला तिथे फक्त मूर्खपणा दिसला. मूर्खपणा दिसला की तुझं काम संपतं, जेवायला बसतोस.

ऑर्गनचंही ठाऊक आहे. शिवणकाकूने लिहिलं. तू किल्ली 'हातात ठेवली' नाहीस, जमिनीवर आपटलीस, आणि पाळकसाहेबांनी वाकून उचलली. महिनाभराचं सांगितलं होतं, तू कायमचं केलंस. नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. नाचता येत असूनही अंगणावर थुंकणारा माणूस फक्त आपल्याच घरात.

मी तरी काय मोठी! तुझं पत्र वाचून आधी हसलेच. डब्याची ओळ वाचून पुढे गेले, गिटारची तार तुटल्यावर पोट धरून हसले. अंथरुणावर पडले तेव्हा ती ओळ परत आली. पोस्ट उघडायची वाट बघत बसावं लागलं. तेव्हा तुला शिव्या देतेय त्यातला अर्धा वाटा माझा समज. पण मोठा अर्धा तुझाच.

मला रजा मिळत नाहीये. इस्पितळात जा. ती तोंड फिरवू दे. तू बसून राहा.

धाकटी


६ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही. व्याकरणाची एक चूक सापडते का म्हणून तीनदा वाचलं. सापडली नाही. लाज वाटली, हे लिहायला एवढे दिवस लागले.

पाळकसाहेब घरी आले होते. मला वाटलं, ऑर्गन परत घ्या म्हणायला आले. तो आता बालवाडीची बाई वाजवते, आणि माझ्यापेक्षा बरा वाजवते. डाव्या हाताने घाई करते, पण ते असो. पाळकसाहेब म्हणाले, "दर बुधवारी इस्पितळात भेटीला जायला माणूस हवा. तुम्ही जाल का?"

मी म्हटलं, "मला गोड बोलता येत नाही."

"म्हणूनच विचारतोय. गोड बोलणारे सगळे जाऊन आले. त्यांनी तुमच्या मावशींना इतका धीर दिला की त्यांनी जेवण सोडलं."

गेलो. मावशीने भिंतीकडे तोंड केलं. मी स्टुलावर बसलो. बोलायला काही नव्हतं, तेव्हा जे दिसलं त्यावर बोलू लागलो. ही उशी आहे की सिमेंटची गोणी? पलीकडची नर्स थर्मामीटर असं झटकते जणू विंचू आहे. आणि ही भिंत मावशी इतकी बघत बसलीय, तर निदान रंग तरी एकसारखा द्यायचा होता, वर पिवळा, खाली आजारी पिवळा. मावशीचा खांदा हलायला लागला. वाटलं रडतेय. हसत होती.

"मेल्या," ती म्हणाली, "जो येतो तो हात धरून असा बघतो जणू मला पेटीत घातलीय. तू तोंड उघडलंस तेव्हा कळलं मी अजून आहे."

नंतर म्हणाली, "त्या पोराला नावं ठेवू नकोस. सुया मी टाकल्या. किती वर्षं टोचून घ्यायचं रे? कंटाळले होते. कुणीतरी सोडवावं असं वाटत होतं."

"मला सांगायचंस."

"तुला? तू हसला असतास."

मी हसलोच होतो ना.

आता बुधवारी चौघं जातो. दूधगाडीवाला नेतो, रस्ताभर एक शब्द बोलत नाही, आणि मला ते फार आवडायला लागलंय. शिवणकाकू सगळ्या वॉर्डाची खबर काढते. गिटारवाला गिटार घरी ठेवून येतो, ही माझी अट. मावशीला उठवून बसवायचं, खिडकीशी न्यायचं, ते त्याचं काम. तो तिला उचलतो तेव्हा ती त्याच्या कानात त्याचं गाणं म्हणते. तो बिचारा तेही सोसतो. चौघांत मिळून एक धड माणूस होत नाही, पण जिना उतरता येतो.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. मावशीच्या पलीकडच्या पुरुषांच्या वॉर्डात एक रंगारी आहे. परांचीवरून पडला, कणा गेला, फुप्फुसात पाणी. त्याचं कुणी नाही. माझी बडबड त्याने भिंतीपलीकडून ऐकली आणि मला बोलावून घेतलं. म्हणाला, "पिवळ्याबद्दल बोलत होतात ते बरोबर. सालं हातच नाही फिरवला नीट." तेव्हापासून दर बुधवारी आम्ही इस्पितळाचा रंग, डॉक्टरांचे बूट आणि एकमेकांची अक्कल काढतो. माणूस माझ्याहून जहाल आहे.

आज बुधवारी त्याला बोलवत नव्हतं. म्हणाला, "प्रार्थना करता का?"

मी म्हटलं, "थांबा, पाळकसाहेबांना बोलावतो."

"त्यांना नको. तुम्ही करा."

धाकटे, मी आजवर मोठ्याने प्रार्थना केलेली नाही. दुसऱ्यांच्या ऐकल्या आणि मनात लाल शाईने खुणा केल्या, एवढंच. त्याचा हात धरला. रंगाने नखं कायमची पांढरी झालेली. डोळे मिटले आणि एक वाक्य धड जुळेना. कर्ता एकीकडे, क्रियापद दुसरीकडे. देवा म्हटलं, मग काय म्हणायचं ते विसरलो, परत देवा म्हटलं. हा माणूस, म्हटलं, हा माणूस चांगला, म्हणजे, तूच बघ. याला दुखतंय. मला कळत नाही. तू बघ. आणि आमेन म्हणायचंही राहिलं.

डोळे उघडले तर तो माझ्याकडेच पाहत होता.

"फालतू होती," तो म्हणाला. "उद्या परत या. बुधवारची वाट बघू नका."

उद्या जातोय.

तुझा दादा